वहिनींची चटणी

माझ्या नवऱ्याचा आवाज फार गोड होता. हे मी खवचटपणे म्हणत नाही, खरंच होता. लग्न ठरायच्या आधी त्याने पुण्याला आमच्या घरी फोन केला, तेव्हा आईने रिसीव्हरवर हात ठेवून मला सांगितलं होतं, "बातम्या देत असल्यासारखं बोलतो गं." पुढे त्याच आवाजावर जगभरातली मराठी माणसं लट्टू झाली, आणि त्याच आवाजापायी मी दोन वर्षं मार खाल्ला.

पॉडकास्ट हा शब्द अगदी नवा होता, तेव्हाची गोष्ट. आम्ही सिंगापूरला ईस्ट कोस्टच्या एका कॉन्डोत राहायचो आणि तो बुओना व्हिस्टाला एका छोट्या कंपनीत इंजिनिअर होता. लोकांनी इंटरनेटवर टाकलेले व्हिडिओ शोधून द्यायचे, हे त्या कंपनीचं काम. कोण कुठली माणसं घरातल्या कॅमेऱ्यासमोर बसून आपली दिनचर्या जगाला सांगायला लागली होती, आणि ते बघायला माणसं मिळतही होती. पण शोधणाऱ्या यंत्राला व्हिडिओत काय आहे हे अजिबात कळायचं नाही. टाकणाऱ्याने जे नाव दिलं, खाली जे चार शब्द चिकटवले, त्यावरच सगळा शोध. मांजराच्या व्हिडिओखाली कुणी वाघ असं लिहिलं की यंत्राच्या लेखी तो वाघ. नवरा हे पाहुण्यांना फार रंगवून सांगायचा. त्यातूनच त्याला स्वतःचा कार्यक्रम काढायची हौस आली. मराठीतून, दर शुक्रवारी, परदेशातल्या आपल्या लोकांसाठी.

स्टुडिओ म्हणजे आमच्या बेडरूममधलं कपाट. दार उघडं ठेवायचं, आत फळीवर माइक आणि लॅपटॉप, समोर खुर्ची. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणून माझ्या लग्नातल्या सगळ्या साड्या तिथे हँगरला लटकवलेल्या. पैठणी बरोबर माइकच्या मागे, कारण ती सगळ्यात जड. मी ती सिंगापूरला एकदाही नेसले नाही. नेसायला काढली असती तर कार्यक्रमाचा आवाज बिघडला असता.

मी पुण्यात एका टेलिकॉम कंपनीत नोकरीला होते. ती सोडून त्याच्या मागोमाग आले. माझा सिंगापूरला राहायचा पास त्याच्या नोकरीच्या पासला जोडलेला, म्हणजे त्याची बायको आहे तोवरच माझा मुक्काम. घरात बसून डोकं फिरू नये म्हणून मी कार्यक्रमाची कापाकापी शिकले. त्याचं खाकरणं, अडखळणं, 'म्हणजे काय की' असं दर वाक्यात म्हणणं, सगळं मी काढून टाकायचे. लोकांना जो ओघ आवडायचा ना, त्यातला अर्धा माझा होता. हे मी तेव्हाही त्याला ऐकवायचे, कारण माझ्या जिभेला लगाम नाही.

पहिला मार एका वाटीमुळे बसला. रेकॉर्डिंग चालू असताना स्वयंपाकघरात माझ्या हातून स्टीलची वाटी पडली आणि फरशीवर गरगरत राहिली. तो बाहेर आला, वाटी उचलली, ओट्यावर ठेवली आणि माझ्या कानाखाली लगावली. कानात शिट्टी वाजावी तसं झालं. मी किंचाळले आणि त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी गुद्दे मारले. तेव्हा त्याने माझे केस धरून मला भिंतीवर आपटलं आणि परत जाऊन बसला. मी काही मुकाट मार खाणाऱ्यातली नव्हे. लहानपणी भावंडांना मी बदडलेलं आहे, शाळेत एका मुलीचा दात पाडलेला आहे. पण तो माझ्याहून हातभर उंच होता आणि त्याला मारताना राग यायचा नाही. त्याचं डोकं थंड असायचं. माझी सगळी ताकद रागातच जायची.

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग मीच साफ केलं. हेडफोन लावले आणि माझीच किंकाळी माझ्या कानात वाजली. पडद्यावर आवाजाच्या रेघेत तिचा उंच डोंगर दिसत होता. मी तो निवडला आणि कापला. दोन्हीकडची त्याची वाक्यं जोडली तर सांधा कळेना, इतकं काम छान झालं. त्यानंतर मात्र मी ओरडायचं सोडलं. ओरडलं की रेकॉर्डिंग खराब म्हणून आणखी मार, आणि वर ते मलाच ऐकायचं, मलाच कापायचं. तोंडात दुपट्ट्याचा बोळा धरायला मी शिकले. किळस यायची स्वतःची, पण शिकले.

मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं. त्यासाठी एकच गोष्ट हवी होती, बाबांनी 'ये' म्हणायला हवं होतं. पास गेला की पुण्याला जायचं, आणि पुण्याला माझं म्हणून दुसरं घर नव्हतं. मी बाबांना एकदा फोनवर सगळं सांगितलं होतं. कान, केस, भिंत, सगळं. ते म्हणाले, "हे बघ, तुझाही हात काही कमी चालत नाही. लहानपणापासून बघतोय मी. जावईबापू इतके सौम्य आहेत, त्यांना तू किती चिडवलं असशील." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "बरं, ठेवते." त्यांच्याकडे परत तोंड वेंगाडायचं नाही असं ठरवलं, आणि रोज त्यांच्याच फोनची वाट बघत राहिले.

बाबा त्या कार्यक्रमाचे पहिल्या फळीतले श्रोते होते, हेही सांगायला हवं. त्यांनी घरी जलद इंटरनेट घेतलं ते याचसाठी. शनिवारी सकाळी दोन-तीन निवृत्त मित्र यायचे, चहा व्हायचा आणि संगणकाच्या स्पीकरवर जावयाचा आवाज. ऐकून झालं की बाबा त्याला इमेल लिहायचे, सविस्तर, परिच्छेद पाडून. मला कधी लिहिलं नाही.

पुढे घरात कॅमेरा आला. आता नुसत्या आवाजाचे दिवस गेले, व्हिडिओ करायचे, असं त्याच्या ऑफिसात सगळे म्हणत होते. माझा त्यातला फायदा एवढाच की तोंडावर मारणं बंद झालं. कधी एखाद्या चौकटीत मी मागून चहा घेऊन जाताना दिसले असते, म्हणून. मार पाठीवर आला, बरगड्यांवर आला, मांड्यांवर आला. तो मूठ वळून मारायचा आणि कुठे लागतंय याकडे त्याचं नीट लक्ष असायचं.

तो शनिवार होता, दुपारची वेळ. घरच्या घरी पॉडकास्ट कसा करावा, असा त्या दिवशीचा विषय. मी कुकर लावला होता आणि शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायचा, हा माझा रोजचा नेम. त्या दिवशी आईचा फोन आला होता, त्या बोलण्यात राहून गेलं. शिट्टी झाली आणि चांगली लांबलचक झाली. मी फोन ठेवून धावले, तोवर तो आलाच. रेकॉर्डिंग त्याने थांबवलं नव्हतं. चालू राहू दे, नंतर कापू, ही त्याची पद्धत. कापणारी मी होते ना.

त्याने मला मानेला धरून फ्रिजला टेकवलं आणि पाठीवर मारायला सुरुवात केली. घाई नव्हती. एक गुद्दा, मग थोडं थांबून दुसरा, मग दोन लागोपाठ. माझा श्वास प्रत्येक वेळी अर्ध्यावर अडायचा. ओट्यावर झारा होता, मी तो मागे न बघता फिरवला आणि तो त्याच्या कोपराला लागला. तेव्हा त्याने माझं मनगट धरून उलटं पिरगळलं. आतून काहीतरी कट्कन वाजलं. झारा पडू नये म्हणून त्याने दुसऱ्या हाताने तो झेलला आणि हळूच खाली ठेवला. मग आणखी गुद्दे. मी दात ओठात रुतवून उभी होते, ओठातून रक्त आलं. मग तो बेडरूममध्ये गेला, आणि तिथून त्याचा आवाज आला, "तर मंडळी, आपण माइकच्या जागेबद्दल बोलत होतो."

मनगट सुजून टम्म झालं. माउस धरता येईना. पुढच्या शुक्रवारी कार्यक्रम चुकवणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्याने स्वतःच सुरुवातीला आणि शेवटाला संगीत जोडलं आणि टाकून दिला. मधलं ऐकलं नाही. स्वतःचं कच्चं रेकॉर्डिंग त्याने कधी ऐकलेलंच नव्हतं. त्याला वाटायचं, आपण असंच अस्खलित बोलतो.

दुसऱ्या दिवशी एका मित्राने फोनवर गमतीने विचारलं की मध्ये ती शिट्टी कसली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तोंडचं पाणी पळालं. त्याने सर्व्हरवरची फाइल काढायला घेतली. मी दारात उभी राहून म्हणाले, "काढून काय उपयोग? ज्यांनी नोंदणी केली आहे त्यांच्या मशीनवर ती आपोआप उतरलीसुद्धा असेल. आता ती त्यांची झाली." हे त्यानेच श्रोत्यांना कितीदा कौतुकाने समजावलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला. घाबरलेला माणूस कसा दिसतो ते मी त्याच्यात पहिल्यांदा बघितलं, आणि मला इतका आनंद झाला की पाठ ठणकत असताना हसू फुटलं. आता सगळ्यांनी ऐकलं होतं. न्यू जर्सीने ऐकलं, दुबईने ऐकलं, पुण्याने ऐकलं. आता बाबांचा फोन येणार होता.

फोन आला नाही. इमेल आल्या.

"दादा, या वेळचा भाग अगदी घरचा वाटला. कुकरची शिट्टी आणि मागे वहिनी खलबत्त्यात चटणी कुटतायत. डोळ्यांत पाणी आलं." ही पहिली. दुसरीत एका बाईंनी लिहिलं होतं की तो धप्प धप्प आवाज ऐकून आजोळची दुपार आठवली. तिसऱ्याने विचारलं, "वहिनींची चटणी कसली होती? कारळाची का जवसाची?" एकाने तर बायकोला तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवला होता आणि तिने मिक्सर बाजूला ठेवायचं मनावर घेतलं होतं. कौतुकाचा नुसता पूर. इतकी शिकलीसवरलेली माणसं, आपल्या मातीच्या आठवणीने व्याकूळ झालेली, आणि त्यांना माझ्या पाठीतून चटणीचा वास येत होता.

नवरा आधी नुसता बघत बसला. मग हसायला लागला. पोट धरून हसला, माझ्याकडे वळून म्हणाला, "ऐकलंस? चटणी!" त्याला माझ्याकडूनही हसणं अपेक्षित होतं. काढायला घेतलेली फाइल त्याने राहू दिली. वर त्या भागाच्या खाली शोधासाठी जे शब्द लावतात, त्यांत त्याने नवे दोन टाकले. चटणी आणि खलबत्ता. आता कुणीही चटणी शोधली असती तर माझा मार सापडला असता. मला त्या क्षणी त्याचा गळा दाबावासा वाटला. मनगट धड असतं तर प्रयत्न केलाही असता.

बाबांची त्याला नेहमीची लांब इमेल आली नाही. "भाग ऐकला. प्रकृती सांभाळा." एवढंच. मी ते शेवटचे दोन शब्द पन्नास तऱ्हांनी वाचले. प्रकृती कुणाची? जावयाला सर्दीबिर्दी झाली असं वाटलं असेल, असं म्हणून मी नाद सोडला. त्यांनाही चटणीच ऐकू आली, असं मी धरून चालले. त्या रात्री मी जेवले नाही.

श्रोत्यांचा आग्रह होता म्हणून पहिला व्हिडिओ वहिनींच्या चटणीचा करायचं ठरलं. तो लिटल इंडियातून लोखंडी खलबत्ता घेऊन आला. चांगला वजनदार. मनगटाची सूज उतरल्यावर मला हॉलमध्ये जमिनीवर बसवलं, कॉटनची साडी नेसवली, समोर कॅमेरा लावला. मी लसूण, सुकं खोबरं, मिरच्या घालून कुटायला लागले. प्रत्येक घावाला मी मनात त्याची टाळू धरली होती. चेहऱ्यावर हसू ठेव, असं तो कॅमेऱ्यामागून खुणावत होता, आणि मी खरंच हसत होते.

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. खालच्या गेटवरचा सिक्युरिटी अंकल होता, त्याच्या त्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, खालच्या मजल्यावरची आंटी कंप्लेंट करते लाह. ठोकाठोकी नको करू, कॅन?" मी म्हणाले, "अंकल, याआधी कधी कंप्लेंट केली होती का तिने?" तो म्हणाला, "नो लाह, फर्स्ट टाइम." मी तशीच रिसीव्हर धरून उभी राहिले. या घरातून पहिल्यांदा तक्रारीजोगा आवाज गेला होता, तो चटणीचा.

व्हिडिओ गाजला. पण आठवडाभरात चौकस मंडळी जागी झाली. "दादा, व्हिडिओ सुरेख, पण मागच्या वेळचा आवाज हा नव्हता." "लोखंडाचा आवाज खणखणीत येतो. तो मऊ होता." "तेव्हा वहिनी नक्की काय कुटत होत्या? खुलासा करावा." लोकांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. चर्चा रंगली. कुणी म्हणालं लाकडी उखळ, कुणी म्हणालं पाट्यावर पुरण.

तो त्या दिवशी ऑफिसातून आला तो हे सगळं वाचूनच. बूटही काढले नाहीत. "तुला साधं कुटता येत नाही?" असं म्हणून त्याने मला खुर्चीसकट ढकललं. मी पडले तेव्हा बरगडीत लाथ बसली, आणि बूट असल्यामुळे ती नेहमीपेक्षा फार लागली. मग तो समोर बसून शांतपणे म्हणाला की पुढच्या भागात तूच खुलासा करायचा, ओलं खोबरं कापडात गुंडाळून ठेचत होते म्हणून सांगायचं. मी जमिनीवर पडल्या पडल्या म्हणाले, "सांगते."

दुसऱ्या दिवशी तो बुओना व्हिस्टाला गेला आणि मी कपाटासमोर जाऊन बसले. श्वास घेताना बरगडी टोचत होती. मी माइक चालू केला आणि बोलले. फार लांबण लावली नाही. "मी तुमची वहिनी. तुम्ही सगळ्यांनी विचारलं की त्या दिवशी मी काय कुटत होते. मी काहीच कुटत नव्हते. कुकरची शिट्टी झाली म्हणून तुमचा दादा माझ्या पाठीवर गुद्दे मारत होता. तो आवाज माझ्या पाठीचा आहे. तुमच्या मशीनवर तो अजून असेल, परत ऐका." मग मी आधीच्या कितीतरी रेकॉर्डिंगमधून कापून ठेवलेले तुकडे त्याच्यापुढे जोडले. मी कापलेलं कधी पुसलेलं नव्हतं, एका फोल्डरमध्ये टाकत गेले होते. का, ते मलाही ठाऊक नव्हतं. बहुधा रागानेच. पहिल्या दिवसाची किंकाळीही त्यात होती. संगीत लावलं नाही. शोधायच्या शब्दांत मी त्याचं पूर्ण नाव टाकलं, त्याच्या कंपनीचं टाकलं, मारहाण असं टाकलं, आणि फाइल सोडून दिली.

दुपारीच तो घरी. ऑफिसातल्या एका मराठी सहकाऱ्याने जेवताना हेडफोन काढून त्याच्या हातात दिला होता म्हणे. दार इतक्या जोरात उघडलं की मागच्या भिंतीचा गिलावा पडला. त्या दिवशी मात्र त्याचं डोकं थंड नव्हतं. तो ओरडत होता, त्या गोड आवाजाच्या चिंध्या झाल्या होत्या. मी बेडरूममध्ये कपाटाला पाठ लावून उभी होते आणि माझ्या हातात बत्ता होता.

"पुढे आलास तर डोकं फोडीन," मी म्हणाले.

तो आला. मी बत्ता फिरवला. त्याने डोकं बाजूला घेतलं आणि घाव त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडलं नाही, पण तो गुडघ्यावर आला. दुसरा घाव मी माइकवर घातला, तिसरा लॅपटॉपवर. काचा उडाल्या, फळी तुटली, हँगर निखळून सगळ्या साड्या त्याच्या अंगावर कोसळल्या. त्यांतून तो बाहेर येताना मी पुन्हा बत्ता उचलला, आणि तो जिथे होता तिथेच थांबला. हात वर केले. त्याला माझी भीती वाटत होती. मला ते इतकं आवडलं की मला स्वतःची भीती वाटायला लागली, आणि मी मागे सरून हॉलमध्ये गेले.

खालच्या आंटीने सिक्युरिटीला बोलावलं, सिक्युरिटीने पोलिसांना. पोलिस आले तेव्हा तो सोफ्यावर खांदा धरून बसलेला, आणि मी बत्ता धरून उभी. तरुण इन्स्पेक्टरने माझ्याकडे बघून अगदी मृदूपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही त्यांना किती दिवस मारताय?" त्यात त्याचा दोष नव्हता, चित्र तसंच होतं. त्याच्याबरोबर एक बाई पोलिस होती. तिला मी आतल्या खोलीत नेलं आणि कुर्ता वर केला. तिने बाहेर जाऊन त्याला उभं राहायला सांगितलं.

मी आंटीच्या घरी चार दिवस राहिले. तिने मला पॉरिज, म्हणजे तांदळाची पेज दिली, मनगटाला कसलंसं झणझणीत तेल चोळलं. "तो दुसरा आवाज पण मी ऐकायची," ती मान खाली घालून म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही फर्निचर हलवता. सॉरी हं. सो सॉरी." कोर्टाचा संरक्षणाचा आदेश वगैरे पुढे यथावकाश झालं. इमेल किती आल्या ते मी बघितलं नाही. लॅपटॉपच नव्हता.

बाबांचा फोन आंटीच्या घरच्या नंबरवर आला. पोलिसांनी घरच्यांना कळवा म्हटलं होतं, म्हणून मी आईला मेसेज करून तो कळवला होता.

"तुझं ते ऐकलं," बाबा म्हणाले. आवाज चिरका झाला होता. "मागचा भागही मी ऐकला होता. शिट्टीचा. मित्रांसमोर लावला होता, मग ते गेल्यावर एकट्याने परत ऐकला. ती चटणी नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं."

मी आंटीच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. "कळलं होतं?"

"मारण्याचा आवाज कळतो गं माणसाला."

"मग फोन का नाही केलात?"

ते म्हणाले, "मला वाटलं, तू त्यांना मारते आहेस." ते घाईघाईने पुढे बोलत राहिले. "आणि इतका मार खाऊन तो माणूस परत येऊन बसतो, आणि 'तर मंडळी' म्हणून शांतपणे बोलायला लागतो. केवढा सहनशील, असं वाटलं मला. तुझी बदनामी नको म्हणून मी कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. त्यांना फक्त प्रकृती सांभाळा म्हणून लिहिलं." मग त्यांना रडू फुटलं. "तू ये. लगेच ये. मी तिकीट काढतो."

दोन वर्षं ज्या शब्दासाठी मी पाठ सोलून घेतली, तो शब्द आला होता. मला त्यांचा जेवढा राग आला, तेवढा नवऱ्याचाही कधी आला नव्हता. नवरा निदान मला ओळखून मारत होता. मी म्हणाले, "आईला द्या."

आई फोनवर आली.

"मी सांगत होते त्यांना," ती म्हणाली. "आपली मुलगी मारते तेव्हा घर डोक्यावर घेते. इथे कुणी ओरडत नाहीये, म्हणजे ती मार खातेय. दोनदा सांगितलं मी."

"मग तू का नाही केलास फोन?"

"त्यांना आवडलं नसतं गं," आई म्हणाली.

तिकीट मी नको म्हटलं. पुढे सिंगापूरलाच, पाया लेबारला एका ऑफिसात लोकांच्या मुलाखतींचे आवाज साफ करायची नोकरी मिळाली, स्वतःच्या पासवर. आईला मी तिसऱ्या महिन्यात तिकीट पाठवलं, एकटीचं. बाबांना आवडणार नाही, असं ती याही वेळी म्हणाली. मी म्हणाले, "आई, त्यांचा हात चालतो का गं?"

तिने फोन ठेवला. आणि पुढच्या आठवड्यात ती आली.